वाणाची चिठ्ठी

"पिशवी उघड गं," मी म्हटलं.

"सणाचे दिवस आहेत, आज तरी सोडा की ताई," यमुना म्हणाली. म्हणाली हसतच, आणि पिशवी पुढं केली. रोजचंच होतं ते. तिनं कुरकुरायचं, मी उघडायची, मग दोघींनी मिळून सोसायटीतल्या दोन-चार मॅडमांच्या नकला करायच्या आणि ती घरी जायची.

मी हात घातला. रिकामा डबा, रुमाल, तिळाच्या वड्यांची पुडी. आणि तळाला ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेलं काहीतरी जड. सोडून बघते तर चांदीचा करंडा. कुंकवानं भरलेला.

"अगं बाई! हे काय?"

"वाण."

"कुणी दिलं?"

"दिलं एका बाईनं."

"त्या बाईला नाव असेल की काही."

यमुनाचं हसू गेलं. "नाव नाही सांगायचं मला."

मी मनात म्हटलं, झालं! हिला आजच कुठून ही दुर्बुद्धी सुचली? वर कॅमेरा, शेजारी दुसरा गार्ड डोळे वटारून बघतोय. गुपचूप परत पिशवीत सारायचीही सोय नाही.

हे पुण्यातल्या उंड्रीचं सांगतेय मी, बरीच वर्षं झाली त्याला. पलाश एन्क्लेव्ह म्हणून मोठी सोसायटी होती आणि मी तिथं लेडीज गार्ड. कलावती खरात. निळी पॅन्ट, निळा शर्ट, टोपी, शिट्टी. आमच्या एजन्सीची गस्त दिवसभर आत फिरायची, दोघं बाईकवर, बाकीचे पायी. कुणापासून कुणाची राखण करायचो, देव जाणे. मी असेपर्यंत एक चोर सापडला नाही. सापडले ते कोण? लॉनवर डबा उघडून बसलेले रंगारी. मोठ्या लिफ्टमध्ये चढलेला इस्त्रीवाला. बागेतल्या बाकावर जरा टेकलेल्या कामवाल्या बायका. त्यांच्यावर शिट्टी मारायची आणि उठवायचं, ही आमची गस्त. आणि संध्याकाळी त्याच बायकांच्या पिशव्या तपासायला मी. गेटवर भला मोठा बोर्ड होता. 'सोसायटीबाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूसाठी फ्लॅटधारकाची चिठ्ठी आवश्यक.' जुनी साडी दिली तरी चिठ्ठी, कालची भाजी दिली तरी चिठ्ठी.

पण वाणाला कुणी चिठ्ठी देतं का हो? संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू. कामाला आलेल्या बाईच्याही कपाळाला बोट लावतात, हातात वाटी नाही तर डबी ठेवतात. घेणारीनं नाही म्हणायचं नसतं आणि देणारीनं त्याची पावती फाडायची नसते. त्या दिवसांत मी वाट्या-डब्या बघून न बघितल्यासारखं करायची. पण चांदीचा करंडा म्हणजे वाटी नव्हे.

तेवढ्यात आमचा सुपरवायझर डोईफोडे बाईकवरून राउंड मारून आला. माणूस तसा वाईट नव्हता, पण त्या महिन्यात कमिटीनं त्याला चांगलंच झापलं होतं. तुमची गस्त नुसती पेट्रोल जाळते, आम्हाला रिझल्ट दिसत नाही म्हणून. तेव्हापासून बिचारा रिझल्ट शोधतच फिरत होता. करंडा बघून त्याचे डोळे चमकले.

"कुठून उचललास?"

"उचलला नाही साहेब. वाण मिळालंय."

"वाण?" डोईफोडे हसला. "यमुना, तुझा नवरा जाऊन किती दिवस झाले?"

"तीन वर्षं होतील."

"मग तुला वाण कोण देणार? थाप मारायची तर जरा जमेल अशी तरी मार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तो म्हणत होता ते खोटं नव्हतं. सोसायटीतल्या बाकीच्या बायका वाट्या घेऊन जायच्या तेव्हा यमुना रिकाम्या हातानं जायची. चार घरी कामाला होती, चारही घरी हळदीकुंकू व्हायचं. ती पातेलीभर मसाला दूध आटवून द्यायची, पाहुण्या यायच्या आधी घर पुसून द्यायची आणि मागच्या मागं निघायची. हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं, म्हणून एक क्षण मलाही वाटलं, हिनं खरंच उचलला की काय?

डोईफोडेनं करंडा तिच्या हातात दिला, फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. 'कामवाली यमुना हिच्याकडे हा करंडा मिळाला. कोणाच्या घरातून गेला आहे?' आणि बघता बघता तीन उत्तरं आली. सी विंगमधल्या ऋतुजा बेलसरे म्हणाल्या, आमचा आहे. ए विंगमधली एक म्हणाली, नाही, आमचा. तिसरी तर म्हणाली, शंभर टक्के आमचा, माझ्या रुखवतातला आहे. करंडा एक आणि मालकिणी तीन! एकीनंही कपाट उघडून बघायची तसदी घेतली नसणार. कामवालीच्या हातात चांदी दिसली ना, मग ती आपलीच.

क्लबहाउसमध्ये त्या दिवशी कमिटीचं हळदीकुंकू चाललं होतं. तिथून सेक्रेटरी मोहोळकर तरातरा गेटवर आले. सिल्कचा कुर्ता, तोंडात तीळगूळ.

"हिला ब्लॉक करा," ते डोईफोडेला म्हणाले. "आणि पोलिसांना फोन लावा."

ब्लॉक म्हणजे काय, ते सांगते. गेटवरच्या मशीनमध्ये बाईचं नाव लाल झालं की तिला आत सोडायचं नाही. चारही घरं एका झटक्यात गेली. आणि आमच्याच एजन्सीकडं त्या रस्त्यावरच्या पाच-सहा सोसायट्या होत्या, तिथंही नाव लाल. यमुनाच्या दोन पोरी शाळेत, सासू अंथरुणाला खिळलेली. हे सगळं तिलाही ठाऊक होतं. पण तोंडाचं कुलूप काही उघडेना.

"अजूनही काही लपवलं असेल," मोहोळकर म्हणाले. "बाई, हिला बाथरूममध्ये न्या. नीट सगळं तपासा. कपडे काढून."

"मी नाही नेणार," मी म्हटलं.

"काय?"

"पिशवी बघायची म्हणून बघितली. बाईच्या अंगाला हात लावणार नाही."

"मग लेडीज गार्ड कशाला ठेवलीय आम्ही?"

"मलाही कधीपासून तेच विचारायचं होतं साहेब."

डोईफोडेनं मला डोळ्यांनी दटावलं. मोहोळकरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण तेवढ्यात क्लबहाउसमधून कुणीतरी हाक मारली. "हिला गेटच्या केबिनमध्ये बसवा, पोलीस येईपर्यंत हलता कामा नये," असं बजावून ते गेले. डोईफोडे दुसऱ्या गार्डला राउंडवर पाठवून फोन करायला बाहेर गेला. केबिनमध्ये मी आणि यमुना उरलो. टेबलावर करंडा.

"यमुने, शहाणी असशील तर नाव सांग," मी म्हटलं. "मी स्वतः वर जाऊन विचारून येते."

"शब्द दिलाय ताई. कुणाला कळू देणार नाही म्हणून."

"शब्द? अगं, चोर म्हणून नाव लागेल तुझं! पोरींना काय सांगशील?"

"चोरी केली नाही हे पोरींना सांगता येईल. पण मी नाव घेतलं तर त्या बाईला घरात तोंड वर करता येणार नाही. तिनं माझ्याकडून एक गोष्ट करून घेतली. वाईट काही नाही. पण तिला ती चोरून करावी लागली."

"कसली गोष्ट?"

यमुनानं मान फिरवली. मला तिचाच राग आला आधी. एवढा ताठा परवडतो का तुला, म्हणावंसं वाटलं. मग तिच्या हातांकडं लक्ष गेलं. मांडीवर मुठी आवळून बसली होती, बोटं पांढरी पडली होती. ही बाई घाबरलेली आहे, आणि घाबरून सुद्धा बोलत नाही. मग माझा राग जिकडं जायला हवा होता तिकडं गेला.

क्लबहाउसमधलं हळदीकुंकू संपलं होतं. गाड्या गेटकडं यायला लागल्या. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, गजरे. आसपासच्या सोसायट्यांमधल्या पाहुण्या, नातेवाईक, कमिटीच्या बायकांच्या मैत्रिणी. प्रत्येकीच्या मांडीवर वाण. त्या वर्षी कमिटीनं काचेच्या बरण्या वाटल्या होत्या.

मी केबिनमधून बाहेर आले, रिमोट उचलला आणि गेटचा दांडा खाली घेतला. पहिली गाडी थांबली. काच खाली झाली.

"चिठ्ठी?" मी म्हटलं.

"कसली चिठ्ठी?" आतली बाई म्हणाली.

"मांडीवर बरणी आहे ना, ती बाहेर चाललीय. फ्लॅटधारकाची चिठ्ठी लागते."

"अहो, वाण आहे ते!"

"आत बसलीय ना, तिचंही वाणच आहे. चिठ्ठी नाही म्हणून बसवून ठेवलंय तिला. तुम्हीही गाडी बाजूला घ्या."

मागून हॉर्न सुरू झाले. दुसरी गाडी, तिसरी, चौथी. बायका उतरून पुढं यायला लागल्या. डोईफोडे फोन तसाच कानाला लावून धावत आला.

"खरातबाई, वेड लागलं का? उघडा!"

"बोर्ड वाचा साहेब. प्रत्येक वस्तू लिहिलंय. कामवाल्यांची वस्तू असं कुठं लिहिलंय?"

"अहो, ते आपलं तसं असतं!"

"आज तसं नाही."

मोहोळकर पुन्हा आले. कुर्त्याच्या बाह्या वर सारलेल्या. "या आमच्या पाहुण्या आहेत! तू यांना चोर समजतेस?"

"कुठं म्हटलं मी साहेब? यांना चोर म्हणायचं नाही, आणि हिलाही म्हणायचं नाही. वाणाला चिठ्ठी नसते हे सगळ्यांना एकदम लागू करा, मी दांडा एकदम वर करते."

"तो रिमोट इकडं दे!"

मी रिमोट पॅन्टच्या खिशात घातला. "घ्या काढून. पण बाईच्या अंगाला हात लावायला लेडीज गार्ड लागते. बोलवा एखादी."

रांगेतली कुणीतरी फिसकन हसली. मोहोळकरांनी वळून बघितलं तशी गप्प झाली. पण हॉर्न काही गप्प होईनात. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटत होती. पण भीतीला कोण विचारतंय, तोंड शाबूत होतं.

तिसऱ्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि बेलसरे आजी उतरल्या. सी विंगमधल्या. बारीक चणीच्या, पांढरा अंबाडा, फिकट साडी. त्यांच्या घरी यमुना पोळ्या करायची. सून ऋतुजा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन निघाली होती.

"काय गोंधळ आहे गं?" आजींनी मला विचारलं. आणि केबिनच्या काचेतून त्यांना यमुना दिसली. "ही का बसलीय तिथं?"

"आई, तुम्ही गाडीत बसा बरं," ऋतुजा मॅडम मागून आल्या. "आपला चांदीचा करंडा चोरलाय तिनं. आत्ताच ग्रुपवर आलं."

"कुणी चोरला?" आजी म्हणाल्या. "मी दिलाय."

केबिनमधून यमुना ओरडली, "आजी, नका!"

आजींनी तिच्याकडं बघितलं. मग त्यांनी पदर खोचला.

"मी दिला. वाण म्हणून," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

"पण आजी," मोहोळकर चाचरत म्हणाले, "हिला वाण म्हणजे... ही तर..."

"विधवा. मीही आहे. म्हणा की, तोंडात का अडकलं?"

"आई!" ऋतुजा मॅडम म्हणाल्या. "घरातली वस्तू अशी कुणालाही..."

"घरातली नाही. माझी. माझ्या आईनं दिलेली." आजी आता थांबायला तयार नव्हत्या. "गेल्या वर्षी मी साधी टिकली लावली, तर तुझा नवरा म्हणाला, आई, या वयात हे बरं दिसतं का? पुसून टाकली मी. आज दुपारी ही पोळ्या करत होती. तू क्लबहाउसच्या तयारीला गेली होतीस. माझ्या मनात आलं, म्हटलं, यमुना, लाव गं मला. हिनं मला लावलं. मी हिला लावलं. आरशात बघितलं दोघींनी. मग तू यायच्या आत दोघींनी पुसलं. आणि मीच हिला म्हटलं, कुणाला सांगू नकोस. त्यापायी ही पोर इथं चोर होऊन बसलीय, आणि मी चाललेय डोळे तपासायला!"

हॉर्न थांबले होते. ऋतुजा मॅडमचा चेहरा लाल झाला.

आजी केबिनमध्ये शिरल्या, करंडा उचलला आणि यमुनाच्या हाताला धरून तिला बाहेर आणली. सगळ्यांसमोर. तिच्या कपाळावर बोट टेकवलं. "आता मला लाव," म्हणाल्या. यमुनानं चिमटीत कुंकू घेतलं. लावलं तिनं. थोडं नाकावर सांडलं, ते आजींनी तसंच राहू दिलं.

मग त्या माझ्याकडं वळल्या. "तुला लावू का गं?"

आता हे मी कुणाला सांगत नव्हते. गावाकडं नवऱ्यानं दुसरी केली आणि मला हाकललं, त्यानंतर मला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. नवरा असून नसलेली, मला कुठल्या रांगेत बसवायचं हेच कुणाला कळायचं नाही. मी म्हटलं, "आजी, मला नवऱ्यानं टाकलीय."

"तुला विचारलं मी. नवऱ्याचं कुठं विचारलं?"

मी टोपी काढली. आजींनी चांगलं ठसठशीत लावलं. माझे डोळे भरून आले. आले तर आले. मी टोपी परत चढवली, कपाळ उघडं ठेवून.

"चला, गैरसमज झाला," मोहोळकर घाम पुसत म्हणाले. "मिटलं. डोईफोडे, पोलिसांना नको म्हणून सांगा, मशीनमधला ब्लॉक काढा. यमुना, तू जा घरी. उद्या ये कामाला. बाई, दांडा वर घ्या आता."

माझा हात खिशाकडं गेला. पण यमुना जागची हलली नाही.

"माझा फोटो टाकलाय तुम्ही ग्रुपवर," ती म्हणाली.

"काढून टाकतील तो."

"काढू नका. ज्यांनी बघायचा त्यांनी बघितला. त्याच्याखाली लिहा, चोरी नव्हती म्हणून."

"लिहू गं. निवांत लिहू."

"आत्ता."

मोहोळकरांनी माझ्याकडं बघितलं. मी खिशातून हात काढला, रिकामाच, आणि हाताची घडी घालून उभी राहिले. मागच्या गाडीतून एक पुरुष ओरडला, "अहो, लिहा ना एकदाचं! आम्हाला घरी जायचंय!" मग अजून दोघं-तिघं ओरडले. मोहोळकरांनी फोन काढला आणि टाइप करायला लागले.

"वाचून दाखवा साहेब," मी म्हटलं. "तिला ऐकू द्या."

"'आज गेटवर झालेल्या गैरसमजाबद्दल...'"

"गैरसमज नाही," यमुना म्हणाली. "तुम्ही मला चोर म्हणालात. कपडे काढून बघायला सांगितलंत."

हे ऐकल्यावर रांगेतल्या बायकांमध्ये कुजबुज झाली. ऋतुजा मॅडमनी मान वर केली. "असं सांगितलं तुम्ही?" त्या मोहोळकरांना म्हणाल्या. मोहोळकरांनी फोनमध्ये डोकं घातलं. लिहिलेलं खोडलं आणि पुन्हा लिहिलं. या वेळी आवाज निम्मा झाला होता.

"'यमुना धोत्रे यांनी चोरी केलेली नाही. करंडा त्यांना वाण म्हणून मिळाला आहे. त्यांना चोर म्हटलं ही कमिटीची चूक आहे.'"

"पाठवा," यमुना म्हणाली.

रांगेतल्या गाड्यांमधून फोन वाजायला लागले, एकामागून एक.

मी दांडा वर घेतला. पहिली गाडी लगेच गुरगुरली. मी तिच्यासमोर हात आडवा केला. "थांबा. आधी ती जाणार."

यमुनानं करंडा पिशवीत ठेवला नाही. हातात धरला आणि गाड्या ज्या रस्त्यानं जातात त्या रस्त्यानं, मधून चालत बाहेर पडली. घाई केली नाही. ती पार दिसेनाशी होईपर्यंत मी हात खाली घेतला नाही.

गाड्या गेल्या. आजीही गेल्या, पुढच्या सीटवर बसून, नाकावरचं कुंकू तसंच. डोईफोडे माझ्याजवळ आला. खाली बघतच म्हणाला, "खरातबाई, वरून फोन आलाय. उद्यापासून येऊ नका."

"बरं."

"टोपी आणि शिट्टी जमा करा."

"ड्यूटी संपल्यावर करते."

"अहो, कशाला आता? जा ना घरी."

"आठपर्यंत ड्यूटी आहे माझी. आठपर्यंत करणार."

तो आत जाऊन बसला. आठ वाजायला अवकाश होता. मी गेटच्या अगदी मधोमध जाऊन उभी राहिले, डोक्यावर टोपी आणि कपाळावर कुंकू, आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीची काच खाली होईपर्यंत थेट आत बघत राहिले.